बोंड नसलेली खुर्ची

१

गुरुवार आणि शनिवार हे बेरिल थ्वेटचे एलरशॉ हॉलचे दिवस. तो जुना वाडा लोकांना बघायला खुला होता आणि ती तिथे स्वयंसेविका. साडेदहाला गाडी तबेल्यामागे लावायची, गळ्यात बिल्ला अडकवायचा, न्याहारीच्या खोलीच्या लाकडी झडपा अर्ध्याच उघडायच्या, कारण उन्हाने गालिचा विटतो. मग भिंतीशी ओळीने मांडलेल्या सहा खुर्च्यांवरची बोंडं जागेवर आहेत ना ते बघायचं.

बोंडांचं असं, की इतक्या जुन्या घरात पाहुण्यांना तोंडावर ‘बसू नका’ म्हणणं वाईट दिसतं आणि पाटी लावणं त्याहून वाईट. म्हणून प्रत्येक खुर्चीच्या गादीवर पाइनचं एक सुकलेलं बोंड ठेवून देतात. समजायचं ते समजतात. अकरा वर्षांत बोंडावर बसलेला माणूस बेरिलने एकच पाहिला होता, आणि तो गावचा पाद्री होता.

घर अर्धंच उभं होतं. पूर्वेकडची बाजू फार वर्षांपूर्वी जळाली. तिथे छप्पर नव्हतं, मजले नव्हते, नुसत्या चार भिंती आणि त्यांतल्या खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी. खाली हिरवळीवर उभं राहून वर पाहिलं की पहिल्या मजल्याच्या खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसे. लोक त्याचे फोटो काढत, मग तबेल्यातल्या चहाच्या दुकानात जाऊन स्कोन खात. न्याहारीची खोली उभ्या बाजूचं शेवटचं टोक. तिच्या पूर्वेच्या भिंतीत एक दार होतं, जळक्या भागात जाणारं. ते पलीकडून विटांनी चिणलेलं होतं, अलीकडून फक्त दार दिसायचं. सहावी खुर्ची त्या दाराला लागूनच होती.

एप्रिलपासून बेरिल डगला बरोबर आणायला लागली होती. डग तिचा नवरा. पन्नास वर्षं सुतारकाम केलेला, हाताने पक्का, बोलायला मिठ्ठास. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. मार्चमध्ये त्याने गॅस सोडला आणि काडेपेटी शोधायला शेजारी गेला. त्यानंतर त्याला घरी एकटा ठेवणं म्हणजे जिवाला घोर. लीड्सला राहणारी त्यांची मुलगी गिलियन म्हणायची, चांगली जागा बघू, तिथे त्याला सांभाळतील. बेरिलने डगला शब्द दिला होता की तुला कुठेही ठेवणार नाही. तो शब्द त्याला आठवत नव्हता, पण तिला आठवत होता, आणि पंचाईत तीच होती.

फेब्रुवारीपासून त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. अदबीने ‘अहो बाई’ म्हणायचा, रस्त्यात भेटलेल्या परक्या बाईला म्हणावं तसं. बेरिल दिवसभर ते हसून घ्यायची आणि न्हाणीघरात दार लावून रडायची.

मे महिन्यात एका शनिवारी त्या दोघांना बसायला असलेल्या घडीच्या दोन खुर्च्यांपैकी एक कोणीतरी तिकीटघरात नेली होती. डगचं कंबरडं दुखत होतं. खोलीत कोणी नव्हतं. बेरिलने इकडेतिकडे पाहिलं, सहाव्या खुर्चीवरचं बोंड उचललं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाली, “बस दहा मिनिटं. कोणाला सांगू नकोस.”

“मी कोणाला सांगणार, बाई,” डग म्हणाला आणि बसला.

दहा मिनिटांनी तिने त्याला उठवलं आणि बोंड परत ठेवलं. तेवढंच.

२

पुढच्या गुरुवारी ती आली तेव्हा सहाव्या खुर्चीवर बोंड नव्हतं. ते खिडकीच्या कट्ट्यावर होतं, तिने शनिवारी ठेवलं होतं नेमकं तिथे.

तिने ते जागेवर ठेवलं. शनिवारी परत कट्ट्यावर. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

“झाडणारी मुलगी असेल,” दिवाणखान्याच्या दाराशी बसणारा लेनर्ड म्हणाला. लेनर्ड ऐंशीचा, पोस्टातून निवृत्त झालेला. त्याची जीभ मात्र अजून नोकरीवर होती. “नाहीतर उंदीर. एलरशॉचे उंदीर खानदानी आहेत, ते वस्तू इकडच्या तिकडे करतात पण जमिनीवर टाकत नाहीत.”

बेरिल हसली. झाडणारी मुलगी सोमवारी येते आणि खुर्च्यांना हात लावत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने व्यवस्थापक फिलिपाला विचारलं. फिलिपा तिशीची, कायम घाईत. ती म्हणाली की संध्याकाळी खोली बंद करताना तिने स्वतः बोंडं मोजली होती, सहा. रात्री आत कोणी जात नाही, गजर लावलेला असतो. “का, काही हरवलंय का?”

“नाही, नाही,” बेरिल म्हणाली. “सगळं आहे.”

जूनमध्ये एके सकाळी तिने झडपा उघडायच्या आधीच सहाव्या खुर्चीपाशी जाऊन गादीवर तळहात ठेवला. का ठेवला ते तिलाही सांगता आलं नसतं. बाकी पाच खुर्च्यांच्या गाद्या थंड होत्या, बंद खोलीतल्या कापडाला असतो तसा त्यांना गारवा होता. सहावी कोमट होती. कोणी नुकतंच उठून गेलं की असते तशी.

तिने मनाशी हिशेब केला. भिंतीत खोली तापवणारी गरम पाण्याची नळी असेल. पण जूनमध्ये ती बंद असते. ऊन पडलं असेल. पण झडपा बंद होत्या. मग ती म्हणाली, वय झालं बेरिल, हातच गरम असेल तुझा. आणि हे कारण तिने पत्करलं, कारण दुसरं जवळ नव्हतं.

३

आपल्या घडीच्या खुर्चीवर डग दिवसभर शांत बसायचा. ती खुर्ची बेरिल त्या चिणलेल्या दारापासून लांब मांडायची. पण ती पाहुण्यांशी बोलायला वळली की हा उठून खुर्ची ओढत सहाव्या खुर्चीशेजारी नेऊन बसे. मान जरा डावीकडे कलती, कान दाराकडे. मधूनच मान हलवायचा, मधूनच दोन शब्द बोलायचा. पाहुणे समजूतदार असतात, ते नजर वळवायचे.

“कोणाशी बोलतोयस, डग?”

“या गृहस्थांशी.” त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला. “फार चौकस आहेत. पण माणूस सज्जन.”

“काय विचारतात?”

“काय काय. मी काम काय करायचो, घर कुठल्या गल्लीत, गाडीची किल्ली कुठे टांगतो. मी सांगतो. सांगून टाकलं की डोकं हलकं होतं, बाई.”

“आज काय सांगितलंस?”

डगने विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. मग जरा ओशाळून म्हणाला, “ते आता त्यांनाच विचारायला हवं.”

त्या संध्याकाळी बेरिलने त्याला मागच्या अंगणातल्या शेडमध्ये नेलं. त्याचं डोकं कितीही बिघडलेलं असो, हत्यारं हातात दिली की हात आपोआप चालायचे. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की हातांचं कसब सगळ्यांत शेवटी जातं. तिने पटाशी हातात दिली. डगने ती उलटसुलट करून पाहिली, धारेवरून बोट फिरवलं, बोट कापलं. रक्ताकडे बघत त्याने विचारलं, “हे कशासाठी असतं हो?”

तिने बोटाला पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात मधेच घसरण लागते, सवयीची जागा बदलली, माणसं बदलली की वेग वाढतो. डॉक्टरांकडे कारण होतं. बेरिलला ते कारण हवं होतं, म्हणून तिने तेही पत्करलं. पण त्या आठवड्यापासून ती डगला रोज रात्री जेवताना एकेक विचारायला लागली. तुझ्या आईचं नाव? आपण कुठे राहायचो आधी? आणि प्रत्येक गुरुवारनंतर, प्रत्येक शनिवारनंतर, एक उत्तर कमी होत गेलं.

४

“या खुर्च्यांचं नशीब बघ,” एकदा जेवणाच्या सुट्टीत सँडविच सोडत लेनर्ड म्हणाला. “आग लागली तेव्हा इथल्या बटलरकडे यादी तयार होती. कुठली वस्तू आधी, कोणी उचलायची. शिस्तीची माणसं. पूर्वेकडच्या जेवणघरातून सहाच्या सहा खुर्च्या बाहेर काढल्या, ओरखडा नाही.”

“आणि माणसं?” बेरिलने विचारलं.

“माणसं यादीत नव्हती.” लेनर्डने सँडविचच्या कडा तोडून बाजूला ठेवल्या. “तू हसायचं होतंस इथे.”



सप्टेंबरात गिलियन दोन दिवस राहायला आली. शनिवारी बेरिल म्हणाली, “बाबांना तुझ्याकडे ठेव, मी आज एकटी जाते.” मनात म्हणाली, आज बघू.

त्या दिवशी पावसाने पाहुणे नव्हते. बेरिल खोलीच्या दुसऱ्या टोकाला घडीच्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसली. बोंड तिने सकाळी जागेवर ठेवलं होतं. ती विणत राहिली, वर पाहायचं नाही असं ठरवून. अडीचच्या सुमाराला लाकूड करकरलं. जुनी खुर्ची माणसाच्या वजनाने करकरते तसं, एकदाच. बेरिलच्या हातातले टाके सुटले. तिने वर पाहिलं तेव्हा बोंड कट्ट्यावर होतं.

आणि मग चिणलेल्या दारामागून, विटांच्या पलीकडून, कोणीतरी हसलं.

ते हसू बेरिल पंचेचाळीस वर्षं ऐकत आली होती. आधी नाकातून फुर्र, मग छातीतून खो-खो. डग तीन वर्षांत तसा हसला नव्हता. हसण्यामागून आवाज आला, चार माणसांत गोष्ट रंगवून सांगावी तसा: “...वाऱ्याने तंबू उडाला, तो थेट कड्यावरून खाली. मग रात्र काढली बसथांब्यावर. पाऊस असा! आणि ही मला म्हणते, डग्लस, समुद्र दिसणारी खोली सांगितली होतीस ना? म्हटलं, मग, दिसतोय की समुद्र...”

व्हिटबीचा किनारा. लग्नानंतरचा पहिला आठवडा. हा किस्सा दर नाताळात डगने सांगायचा आणि तिने ‘पुरे झालं आता’ म्हणायचं. गेल्या नाताळात तिने स्वतः आठवण करून दिली, तेव्हा तो म्हणाला होता, “छान आहे हो. कोणाची गोष्ट ही?”

पळून जायला हवं होतं. पण बेरिल उठली ती दाराकडे गेली. लाकडाला कान लावला. दुसऱ्या कोणाचा आवाज येत नव्हता. तो एकटाच सांगत होता, आणि कोणीतरी ऐकत असावं असं मधे थांबत होता. मग तो म्हणाला, “बेरिलला विचारा. बेरिल सांगेल.”

सात महिन्यांनी तिने आपलं नाव त्या आवाजात ऐकलं. ती दाराला कान लावून उभी राहिली, साडेचार वाजता फिलिपा कुलपं लावायला येईपर्यंत.

५

घरी जाताना तिने ठरवलं की डगला आता तिथे न्यायचं नाही. साधी गोष्ट होती. जे काय त्या खुर्चीत बसतं ते त्याला पोखरत होतं, आणि बसायला जागा तिनेच करून दिली होती. मूर्ख बाईलाही एवढं कळलं असतं.

मधल्या दिवसांत डगने तिला तीनदा विचारलं की या घराची मालकीण कुठे गेली. एकदा रात्री घाबरून तिला ढकललं. गिलियनचा फोन आला: जागा मिळाली आहे, एक नोव्हेंबरला सोमवार आहे, त्या दिवशी न्यायचं. “आई, तू शब्द दिलास म्हणून स्वतःला मारून घेणार आहेस का? त्यांना कळतही नाही.”

“मला कळतं,” बेरिल म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

आणि गुरुवारी तिने डगला कोट घातला, गाडीत बसवलं आणि एलरशॉला नेलं.

याला तिच्याजवळ सबबी भरपूर होत्या. घरी कोण बघणार. फिलिपाकडे माणसं कमी. पण खरं ते तिला माहीत होतं, आणि मी ते झाकून ठेवत नाही. तिला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. आणि डग तिथे बसल्याशिवाय तो आवाज भरत नव्हता. दिवसा ती डगला दारापाशी बसू द्यायची, हल्ली तीच त्याची खुर्ची तिथे मांडायची. संध्याकाळी पाहुणे गेले की दाराला कान लावायची. पलीकडे दर वेळी काही नवीन असायचं. गिलियन जन्मली तेव्हाचा बर्फ. तिच्या वडिलांची म्हातारी कुत्री. घरी नेलेला डग मात्र दर वेळी थोडा हलका व्हायचा. शेवटी शेवटी तो चमचा तोंडापर्यंत नेऊन विसरायचा.

तिला लाज वाटायची. लाजेने कोणी थांबतं असं मात्र नाही.

६

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार म्हणजे घर उघडं असण्याचा शेवटचा दिवस, आणि कवायतीचा. पाहुणे गेले की चारला आगीची घंटा वाजवतात आणि प्रत्येक स्वयंसेवक यादीत त्याच्या नावापुढे लिहिलेली वस्तू उचलून हिरवळीवर आणतो. बटलरची यादी गेली, फिलिपाची आली. बेरिलच्या नावावर पहिली खुर्ची होती. या वर्षी माणसं कमी, म्हणून पाचच खुर्च्यांना माणसं मिळाली होती. सहावीपुढे कोणाचंच नाव नव्हतं.

सकाळी डगने स्वेटरची बटणं स्वतः लावली. एक बटण वर-खाली झालं, डावा काठ उजव्यापेक्षा बोटभर लोंबत होता. बेरिल नीट करायला गेली तर तो दचकून मागे सरला, म्हणून तिने तसंच राहू दिलं. सोमवार दोन दिवसांवर होता. डग कोणाच्या हातात जाणार, त्याची बटणं कोण लावणार?

चारला घंटा झाली.

“तू खुर्ची घे,” लेनर्ड दारातून म्हणाला. त्याच्या हातात चिनी मातीची बरणी होती. “एवढी ठेवतो आणि डगला मी आणतो.”

“डग, बसून राहा हं,” बेरिल म्हणाली. “लेनर्ड येतोय.”

डगने मान हलवली. तो सहाव्या खुर्चीकडे बघत होता.

बेरिलने पहिली खुर्ची उचलली. शिकवलं होतं तसं: पाठ धरायची नाही, बैठकीखाली हात घालायचे. दिवाणखान्यातून, पायऱ्यांवरून, खडीवरून, हिरवळीवर अंथरलेल्या ताडपत्रीपर्यंत. धूर नाही, आग नाही, नुसती घंटा. तरी सगळे घाईघाईने चालत होते. अग्निशमन दलाचे दोन जण बंबाला टेकून चहा पीत होते. तिने खुर्ची ठेवली आणि दम घेतला. आणखी चार खुर्च्या आल्या. मग सहावी आली.

ती डगने आणली होती. बैठकीखाली दोन्ही हात घालून, पाठ छातीला लावून, पायऱ्या उतरताना टाच आधी टेकवत, पन्नास वर्षं सामान वाहिलेल्या माणसाने आणावी तशी. त्याने ती ओळीत नीट ठेवली, एक पाय हलतो का बघितलं, आणि बेरिलकडे आला.

“गार वारं सुटलंय,” तो म्हणाला. “बेरिल, अगं कोट कुठे तुझा?”

तिने त्याच्या दोन्ही दंडांना धरलं. तो खरा होता, घट्ट होता, त्याला लाकडाच्या भुशाचा वास येत होता, जो घरात तीन वर्षं आला नव्हता. ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. सगळ्यांसमोर, आणि तिला कसलीच पर्वा वाटली नाही. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला. “असू दे, असू दे. आलो ना मी.”

लेनर्ड मागून धापा टाकत आला. “हा इथे आहे होय? मी आत जाऊन आलो, खोली रिकामी. म्हटलं तूच नेलंस.”

बेरिलने डोळे पुसले. पुसताना समोर त्याचा स्वेटर होता. बटणं वरपासून खालपर्यंत सरळ लागलेली होती.

७

फिलिपा कागद घेऊन ओळीने फिरत होती. वस्तूंवर खुणा झाल्या, एकही राहिली नव्हती. ती खूष दिसत होती. आता ती माणसं मोजत होती.

बेरिलने वर पाहिलं.

पूर्वेची भिंत हिरवळीच्या कडेलाच होती. अजून उजेड चांगला होता. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या चौकटीत नेहमीसारखं आभाळ होतं. पहिलीत, दुसरीत, चौथीत. तिसरीत नव्हतं. तिसऱ्या चौकटीमागे खोली होती. छत होतं, भिंतीवर पिवळा उजेड होता, आणि माणसं होती, बरीच, दाटीने. बसायला तिथे काहीच नव्हतं. सगळी उभी होती.

त्यांच्या पुढे, चौकटीला हात धरून, डग उभा होता. स्वेटरचा डावा काठ बोटभर खाली लोंबत होता. तो खाली हिरवळीवर पाहत होता, या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर. बाजारात हात सुटलेलं पोर बघतं तसं. त्याची नजर बेरिलवर आली, थांबली, आणि पुढे गेली. त्याने तिला ओळखलं नाही.

“बेरिल?” फिलिपा तिच्यासमोर आली होती. तिची पाठ भिंतीकडे होती. “तुमच्याकडचे सगळे आले? तुम्ही आणि मिस्टर थ्वेट?”

बंबाजवळच्या दोघांनी कप खाली ठेवले होते. शिडी बंबावरच होती. एवढंच म्हणायचं होतं की नाही, एक आत आहे, तिकडे बघा. बेरिलने तोंड उघडलं. शेजारच्या माणसाने तिचा हात हातात घेतला, आणि अंगठ्याने तिच्या मनगटावर दोनदा दाबलं. चर्चमध्ये, दवाखान्यात, गिलियनच्या लग्नात दाबायचा तसंच.

“आलो,” बेरिल म्हणाली. “दोघंही.”

फिलिपाने खूण केली आणि पुढे गेली.

तबेल्यामागे जायची वाट भिंतीच्या अगदी खालून होती. बेरिल खडीकडे बघत चालली. शेजारी तो चालत होता, दमदार पावलं टाकत. त्याने कोणाला न विचारता गाडीकडे वळण घेतलं, तिच्या खिशातून किल्ली काढली, तिच्यासाठी दार उघडलं. स्वतः चालवायला बसला. पट्टा लावला, आरसा नीट केला. तिच्या बाजूची काच अर्धी खाली होती.

“गिलियनला आजच फोन कर,” तो म्हणाला. “सोमवारचं राहू दे म्हणावं. आता कुठे जायला नको मला.”

“करते,” बेरिल म्हणाली.

तेव्हा वरून आवाज आला. मोठा नव्हता. लोकांना त्रास नको म्हणून जपून बोलणाऱ्या माणसाचा होता, आणि आतून पार घाबरलेला.

“अहो बाई. अहो, जरा ऐकता का? मला खाली यायला जमत नाहीये. उशीर झाला. घरी माझी बायको वाट बघत असेल.”

शेजारच्या माणसाने गाडी सुरू केली. बेरिलने काच वर केली.